चाळीस अंशांची खोली

हॉट योगाचे कोणतेही पुस्तक घ्या, आसनांच्या आधी खोलीचे वर्णन येते. तापमान साधारण ४० अंश सेल्सिअस, हवेतली आर्द्रता ४० टक्के, दारे-खिडक्या बंद, समोर आरसा, वर्ग दीड तासाचा. लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला यासाठी हीटर लागतो, हवा दमट करणारे यंत्र लागते. वर्ध्याच्या वाचकाला मे महिन्यात हीटरची गरज नाही. दुपारी पारा ४५च्या घरात असतो, दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, आणि नवतपा लागला की भर बाजारातली वर्दळही दुपारी पांगते. मग पुस्तक आणले, पंखा बंद केला, चटई टाकली की झाला हॉट योगा, असे कोणालाही वाटेल.

पुस्तकावरून आसने शिकता येतात, चांगली शिकता येतात. महाराष्ट्रात शंभर वर्षे माणसे तशी शिकत आली आहेत. पण पुस्तकावरून शिकणाऱ्याची चूक दाखवायला समोर कोणी नसते. त्याला थांबवणारी एकच गोष्ट त्याच्याजवळ असते, ती म्हणजे स्वतःच्या शरीराची दुखरी हाक. आणि तापलेल्या खोलीत सगळ्यांत आधी हीच हाक मंदावते. नवख्याने आसन आणि उष्णता या दोन गोष्टी एकदम शिकू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आधी या पद्धतीचे मूळ पाहू. कोलकात्यात बिष्णू चरण घोष यांनी १९२३मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे शिकलेले बिक्रम चौधुरी १९७०च्या दशकात अमेरिकेत गेले आणि २६ आसने व श्वसनाच्या दोन क्रिया असा ठरावीक क्रम त्यांनी तापवलेल्या खोलीत शिकवायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस त्यांचे नवशिक्यांसाठीचे पुस्तक आले. पुढे हा क्रम इतरांनी शिकवू नये म्हणून ते न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१५मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला : पुस्तकातले शब्द आणि चित्रे यांवर लेखकाचा हक्क आहे, आसनांच्या क्रमावर नाही, कारण क्रम ही एक पद्धत आहे आणि पद्धत कोणीही वापरू शकतो. त्या सुमारास चौधुरी यांच्यावर अनेक महिलांनी लैंगिक अत्याचाराचे दावे दाखल केले होते. २०१७मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. अनेक केंद्रांनी त्यांचे नाव टाकले, क्रम ठेवला आणि पाटीवर नुसते ‘हॉट योगा’ लिहिले. आज बाजारात मिळणारी बरीच पुस्तके या क्रमावर किंवा त्याच्या फेरफारावर उभी आहेत.

शाळेत सूर्यनमस्कार घालून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला या क्रमात सूर्यनमस्कार सापडत नाहीत. शीर्षासन आणि सर्वांगासनही नाही. उभ्याने करायची आसने आधी, मग शवासन, मग जमिनीवरची आसने, आणि प्रत्येक आसन दोनदा. एकट्याने शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. डोक्यावर उभे राहायला पुस्तकावरून शिकू नये हे तर उघड आहे, आणि दोनदा करण्याचा नियमही चांगला आहे. पहिल्या खेपेला पुस्तकातली सूचना कळते, दुसऱ्या खेपेला ती अंगात उतरते.

आता महाराष्ट्रातल्या शंभर वर्षांविषयी. १९२४मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटातल्या दाबाचे काय होते हे त्यांनी उपकरणांनी मोजले, क्ष-किरण प्रतिमा घेतल्या, आणि आसनाची कृती छायाचित्रांसह छापली. ज्याने लोणावळा कधी पाहिले नाही त्यालाही घरबसल्या वाचून आसन करता यावे, हा त्यामागचा हेतू होता. मार्च १९२७मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात गांधीजींची प्रकृती ढासळली, रक्तदाब वाढला, आंबोली आणि मग नंदी हिल्स येथे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. आपली प्रकृती ते पत्रातून कळवत आणि आसनांविषयी सूचना मागत. साठीकडे झुकलेला, रक्तदाबाचा रुग्ण असलेला एक माणूस दूरच्या शिक्षकाकडून लेखी सूचनांवर आसने शिकतो आहे, हे उदाहरण आपल्या विषयाला फार जवळचे आहे.

गांधीजी पुस्तकावरून शिकणारे होतेच. मातीचे उपचार त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना अडोल्फ जुस्ट या जर्मन लेखकाच्या पुस्तकावरून उचलले. १९३६मध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा ही माती त्यांच्यासोबत आली. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, डोक्यावर ओल्या मातीची किंवा भिजवलेल्या फडक्याची पट्टी : वर्ध्याच्या उन्हाळ्याला तोंड देण्याची त्यांची रीत अशी होती. ज्या गावाने जगाला ही रीत दाखवली, त्या गावाच्या परिसरात खोली तापवून व्यायाम करण्याआधी क्षणभर थांबायला हरकत नाही.

कुवलयानंदांबरोबरच्या पत्रव्यवहारात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पत्र दोन्ही दिशांनी जाते. शिष्य काय घडले ते सांगतो आणि गुरू त्याप्रमाणे सूचना बदलतो. छापील पुस्तकाला हे जमत नाही, म्हणून ते काम वाचकाने वहीवर घ्यावे. रोज आसनाचे नाव, किती श्वास थांबलो, कुठे ताण आला, दुसऱ्या दिवशी कुठे दुखले, एवढे चार शब्द लिहावेत. महिनाभराने एखाद्या जाणत्या शिक्षकाला ती वही दाखवावी. वर्ध्याच्या माणसाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. ७५ किलोमीटरवर नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ आहे. स्वामींनी विदर्भात दारोदार फिरून, कसलेही शुल्क न घेता आसने शिकवली, आणि समूहाने करायच्या सोप्या आसनांचे पुस्तकही दिले. नवशिक्याने घ्यायच्या पहिल्या पुस्तकांत ‘सुलभ सांघिक आसने’ हे मी वर ठेवीन.

दुसरे नाव अर्थात अय्यंगारांचे. बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये पुण्यात आले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६६मध्ये निघाला, मराठीत तो ‘योगदीपिका’ म्हणून ओळखला जातो. सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनाच्या नावापुढे अवघडपणाचा आकडा, आणि शेवटी ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम. त्यातला अवघडपणाचा आकडा फार उपयोगी आहे. ताडासनापुढे एक आहे, सर्वांत कठीण आसनापुढे साठ. पुस्तक चाळताना डोळा सुंदर चित्रावर थांबतो. बोट मात्र त्या आकड्यावर थांबले पाहिजे. उन्हात काही तास काढून आल्यावर लगेच आसने करू नयेत, अशी स्पष्ट सूचनाही अय्यंगारांनी याच ग्रंथात दिली आहे.

दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकणाऱ्याने एका घोळापासून सावध राहावे. एकाच नावाची आसने दोन परंपरांत वेगळी असतात. हॉट योगातले अर्धचंद्रासन म्हणजे दोन्ही पायांवर उभे राहून, हात डोक्यावर जोडून कमरेतून बाजूला झुकणे. अय्यंगारांचे अर्धचंद्रासन म्हणजे एक हात आणि एक पाय जमिनीवर, दुसरा पाय हवेत आडवा. हॉट योगाच्या त्रिकोणासनात पुढचा गुडघा वाकतो, आपल्याकडच्या त्रिकोणासनात तो सरळ राहतो. आणि सर्वांत जपायचे ते शशांगासन. आपल्या वर्गांत वज्रासनात बसून कपाळ जमिनीला टेकवतात, त्या निवांत आसनाला शशांकासन म्हणतात. हॉट योगात टाचा हातांनी धरून, पाठ गोल करून, टाळू जमिनीला लावतात. पहिले आजीबाईही करू शकतात. दुसऱ्यात मानेवर भार पडतो. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर ते पान सोडून पुढे जावे.

छायाचित्र आसनाचा शेवट दाखवते, वाटेतल्या पायऱ्या क्वचितच दाखवते. दंडायमान जानुशिरासन घ्या. चित्रातली व्यक्ती एका पायावर उभी आहे, दुसरा पाय समोर आडवा ताठ, दोन्ही हातांनी तळवा धरलेला, कपाळ गुडघ्याला. नवखा माणूस थेट तिथे पोहोचायला बघतो. खरे तर यात चार वेगवेगळ्या अवस्था आहेत. गुडघा वाकवून, बोटे गुंफून तळवा धरायचा आणि नुसते उभे राहायचे, ही पहिली. उभा पाय मिनिटभर न डगमगता ताठ राहिला तरच वरचा पाय पुढे सरळ करायचा. तोही स्थिर झाला तर कोपरे पोटरीच्या खाली आणायची. कपाळ सगळ्यांत शेवटी. कित्येकांचा सहा महिन्यांचा अभ्यास पहिल्याच अवस्थेत जातो आणि तो पूर्ण अभ्यास असतो. पुस्तकात ‘गुडघा कुलूपबंद करा’ असे काहीसे लिहिलेले असते. याचा अर्थ मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर खेचणे. गुडघा मागे ढकलणे नव्हे. ज्यांचे सांधे मुळात लवचीक असतात, विशेषतः तरुण मुली, त्यांचा गुडघा मागे ढकलला की धनुष्यासारखा वाकतो आणि सगळा भार अस्थिबंधांवर येतो.

स्नायू ताणला तर पुन्हा आखडतो. अस्थिबंध मात्र जास्त ताणला गेला की पूर्वीइतका घट्ट होईलच असे नाही. उष्णतेने हे सगळेच धागे मऊ पडतात आणि ताणाची जाणीवही बोथट होते. गार सकाळी जिथे ‘बस’ असे वाटले असते, तिथून तापलेल्या खोलीत शरीर आणखी दोन बोटे पुढे जाते. वर्गात शिक्षक ती दोन बोटे पाहतो आणि हाक मारतो. घरी पुस्तक उघडे पडलेले असते.

डाव्या-उजव्याचा गोंधळ होतोच, कारण समोरून काढलेल्या चित्रात माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या बाजूला दिसतो. शिवाय अर्धमत्स्येंद्रासनात पीळ घेतलेला असताना पान वाचता येत नाही. सोपा उपाय म्हणजे घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने करायचे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, शेजारची मैत्रीण, कोणीही चालेल. वाचणाऱ्याला आपोआप एक काम मिळते : करणाऱ्याचा चेहरा पाहणे. श्वास अडकला, ओठ आवळले, की थांबवायचे.

आता मूळ प्रश्न, वर्ध्याच्या उन्हाचा. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून गार असेल तोवर शरीर हवेला उष्णता देते. हवा ३५च्या वर गेली की उलटे होते, हवाच शरीराला तापवू लागते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, घामाचे वाळणे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. यात महत्त्वाचा शब्द वाळणे हा आहे. निथळून चटईवर पडलेला घाम जवळपास काहीच गार करत नाही. हवा किती घाम वाळू देईल हे तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मोजतात. मेमधल्या दुपारी वर्ध्यात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक साधारण २४ अंश दाखवतो. हॉट योगाच्या ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तो २८च्या पुढे जातो. म्हणजे आकड्याने कमी तापलेली ती खोली घामाच्या दृष्टीने जास्त अवघड आहे. विदर्भात डेझर्ट कूलर का चालतो आणि मुंबईत का चालत नाही, याचेही कारण हेच.

म्हणून आपले ऊन सुरक्षित, असे मात्र नाही. कोरड्या हवेत घाम येता क्षणी उडून जातो, अंग कोरडे राहते आणि किती पाणी गेले ते कळत नाही. उघडा कूलर खिडकीत असतो तेव्हा ओली हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडत राहते. पण व्यायामासाठी खोली बंद केली आणि कूलर आत चालू ठेवला, तर ताट्यांतून गेलेले पाणी खोलीतच साठते, थोड्याच वेळात हवा जड होते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर, पाऊस थांबून ऊन पडले की ही स्थिती बाहेरही तयार होते. वर्ध्यात हॉट योगाच्या खोलीच्या सर्वांत जवळ जाणारे दिवस हे आहेत, एप्रिलचे नव्हेत, आणि नवख्याने बंद खोलीत कष्टाचा अभ्यास टाळावा तो याच दिवसांत.

उष्णतेने लाभ किती होतो याचा अभ्यास झालेला आहे. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने २०१३मध्ये नवशिक्यांना आठ आठवड्यांत २४ वर्ग दिले. खांदे, कंबर आणि मांडीचा मागचा भाग यांची लवचीकता वाढली, ताकदही थोडी वाढली. हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. २०१८मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी त्याच आसनांचा क्रम एका गटाला ४०.५ अंशांत आणि दुसऱ्याला २३ अंशांत बारा आठवडे करायला दिला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे काम दोन्ही गटांत सारखेच सुधारले. फायदा आसनांचा होता, तापलेल्या खोलीने त्यात भर घातली नाही. २०१५च्या आणखी एका अमेरिकी पाहणीत २० जणांच्या शरीराच्या आतले तापमान वर्गाच्या वेळी मोजले. पुरुषांचे सरासरी कमाल तापमान साडेएकोणचाळीस अंशांच्या आसपास गेले, एकाचे ४०.१ झाले. शरीराच्या आतले तापमान ४०च्या वर जाणे आणि माणूस असंबद्ध बोलू लागणे, ही उष्माघाताची खूण मानतात.

घामावाटे विष बाहेर पडते, हे वाक्य बहुतेक पुस्तकांत सापडेल. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामातून पाणी आणि मीठ जाते, आणि वर्गानंतर काट्यावर कमी दिसणारे वजन त्या पाण्याचे असते.

गर्भवती स्त्रिया, हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेले, लघवी वाढवणारी औषधे घेणारे, इन्सुलिन घेणारे मधुमेही यांनी तापलेली खोली टाळावी, हे पुस्तकात छापलेले असते. परदेशात छापलेल्या पुस्तकात सिकलसेल बहुधा एका शब्दात उरकलेला असतो किंवा नसतोच. विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तपेशी अडकून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला हा आजार असेल आणि स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर आधी तपासणी करून घ्यावी, मग चटई घ्यावी. आजार असलेल्यांनी साधी आसनेही डॉक्टरांना विचारून, गार वेळी, पाणी पिऊन करावीत.

आपल्या जुन्या ग्रंथांचा कौल याबाबत आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट आहे. घेरंडसंहिता सांगते की योगाचा आरंभ ग्रीष्मात, वर्षाऋतूत, हेमंतात वा शिशिरात करू नये. वसंत आणि शरद हे दोन ऋतू त्यासाठी योग्य. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगितला आहे. वाग्भटाच्या ग्रीष्मचर्येत व्यायाम आणि ऊन दोन्ही वर्ज्य आहेत. हे लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखाच उन्हाळा सोसलेला होता.

तेव्हा वर्ध्यात पुस्तक दसऱ्याच्या सुमारास उघडावे. ऑक्टोबरची दुपार तापते, पण पहाट गार असते. पहाटे साडेपाच-सहाला, खिडक्या उघड्या ठेवून, अर्धचंद्रासन, उत्कटासन, पवनमुक्तासन, भुजंगासन आणि अर्धकूर्मासन एवढीच पाच आसने महिनाभर करावीत, शेवटी शवासन. दिवाळीनंतर गरुडासन, तुलादंडासन, शलभासन घ्यावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सांधे आखडलेले असतात, तेव्हा आधी अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे चालून यावे. फाल्गुनापर्यंत क्रम पाठ झालेला असतो, वही भरलेली असते, शिक्षकाला एकदा दाखवून झालेली असते. मग उन्हाळ्यात नवे आसन घेऊ नये, आलेलेच करावे, तेही सूर्य वर येण्याआधी. मे महिन्यात वर्ध्याची पहाटच २८-३० अंशांची असते. स्नायू मोकळे व्हायला तेवढी ऊब पुरते. आधी तांब्याभर पाणी, नंतर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे. आणि डोके दुखले, मळमळले, लघवी गडद झाली, तर त्या दिवशी चटई गुंडाळून ठेवावी.

उष्ट्रासन मी वरच्या यादीत घेतलेले नाही. मागे वाकताना मान मागे टाकली की नवख्याला गरगरते, आणि उष्णतेत ते लवकर होते. दुसऱ्या वर्षीच्या शरदात, वाचणारे माणूस शेजारी असताना, आधी हात कमरेवर ठेवून आणि मान सरळ ठेवून ते पान सुरू करावे.